राहायला आलं आणि घरमालक झालं: 'ब्ली' या क्रियापदाची पार्श्वभूमी

स्वीडनमधे दुकानात काउंटरवर सामान ठेवलं की पलीकडचा माणूस म्हणतो "देत ब्लीर ओत्तिओफेम क्रोनर", म्हणजे पंच्याऐंशी क्रोनर झाले. अगदी आपला वाणी म्हणतो तसंच. पोरगी डॉक्टर झाली, उशीर झाला, सगळीकडे हेच 'ब्ली'. पण डेन्मार्क-नॉर्वेत तेच क्रियापद वापरून "इथेच राहा" असंही म्हणतात. म्हणजे एकाच शब्दात 'होणे' पण आणि 'राहणे' पण, आणि हे दोन अर्थ तर जवळजवळ उलटे, कारण होणे म्हणजे बदल आणि राहणे म्हणजे आहे तसंच असणं.

मुळात हा शब्द स्कँडिनेव्हियाचा नाहीच. १४व्या-१५व्या शतकात उत्तर जर्मनीतल्या हान्सा, म्हणजे व्यापारी शहरांच्या संघाच्या, व्यापाऱ्यांबरोबर तो तिकडे आला. ल्युबेकची ही मंडळी, १३६०च्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गनला त्यांची पेढी उभी राहिली ती थेट १७५४ पर्यंत चालली, धंदा मुख्यतः सुक्या कॉडचा (आपल्याकडे बोंबील वाळत घालतात तसा तोही काठ्यांवर वाळवतात). स्टॉकहोममधे तर जर्मन इतके झाले की नगरपरिषदेत त्यांच्या जागा निम्म्यापेक्षा जास्त नकोत असा नियम करावा लागला आणि १४७१ला त्यांना त्यातून काढूनच टाकलं. पण शब्द कसे काढणार? खिडकी, शिंपी, पैसे देणे, असले रोजचे शब्दसुद्धा स्वीडिशमधे त्यांच्याकडूनच आलेत.

त्यांच्या बोलीत हे 'ब्लीव्हेन', अर्थ राहणे. आजच्या जर्मनमधे 'ब्लायबेन', तिथे अजूनही फक्त राहणेच. अजून मागे गेलं तर मूळ अर्थ चिकटणे, आणि हा धातू आपल्याही घरात आहे: संस्कृत लिप्, म्हणजे आपला लेप, आपलं लिंपण. चिकटून राहिलं ते उरलं, उरलं ते जगलं, इंग्लिशमधलं 'लाइफ' पण याच कुळातलं.

मग 'राहणे'चं 'होणे' कसं काय झालं? मराठी माणसाला हे फार समजवायची गरज नाही असं मला वाटतं. बसलेल्या मुलाला आपण "उभा राहा" म्हणतो ना, तो तर अजून उभाच नाहीये, मग राहील कसा? बाई 'गरोदर राहते' तेव्हाही ती आधीपासून नसते. तिकडेही असंच झालं असणार, लढाईत कोणी 'मेलेला राहिला' म्हणजे मेलाच की, असं म्हणता म्हणता बदल आणि बदलानंतरची अवस्था एकाच शब्दात मिसळली. पुढे कर्मणी प्रयोगही यानेच व्हायला लागला, आपण "पुस्तक लिहिलं गेलं" म्हणतो, म्हणजे आपलं 'जातं' आणि त्यांचं 'राहतं', गंमतच आहे.

आता ज्याची जागा गेली तो. जुन्या नॉर्समधे, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या भाषांच्या पूर्वज भाषेत, होणे म्हणजे 'वेर्दा', धातू वळणे या अर्थाचा, संस्कृत वृत्‌चा सख्खा भाऊ. म्हणजे आपलं वर्तुळ, वर्तन, वर्तमान. नॉर्स पुराणात नशीब ठरवणाऱ्या तीन देवता आहेत, त्यातली एक वेर्दांदी, नावाचा अर्थ 'जी होते आहे ती', थोडक्यात आपलं 'वर्तमान'च, धातूही तोच! एवढा घरंदाज शब्द आणि त्याला हलवलं कोणी तर सुकी मासळी घ्यायला आलेल्यांच्या शब्दाने. भटाला दिली ओसरी, दुसरं काय.

अर्थात सगळीकडे नाही. आइसलँडमधे आजही 'वेर्दा'च चालतं. फॅरो बेटांवर दोन्ही आहेत. नॉर्वेत ईवार ओसेन या भाषाअभ्यासकाने १८४२ पासून गावोगाव फिरून बोली गोळा केल्या आणि त्यातून जी लेखी भाषा उभी केली, जिला आता न्यूनॉर्स्क म्हणतात, तिच्यात जुनं 'वेर्ते' जपलं, अर्थात आज तिथेही 'ब्ली' चालतंच.

स्वीडिशने मात्र 'ब्ली'ला होणे दिलं आणि राहण्यासाठी त्यालाच उपसर्ग लावून 'फोरब्ली' केलं. जुना अर्थ एका म्हणीत अडकून बसलाय: चांभारा, तू आपल्या साच्यापाशीच 'ब्लीव्ह', म्हणजे राहा.

१९१७च्या स्वीडिश बायबलमधे देव म्हणतो "वार्दे यूस", प्रकाश होवो, जुनंच क्रियापद. २००० सालच्या नव्या भाषांतरात देवसुद्धा 'ब्ली' म्हणायला लागला. पण स्टॉकहोमकडची साधी माणसं गप्पांमधे 'झालं' म्हणायला अजूनही 'वार्त' म्हणतात, ते त्या जुन्याचंच भूतकाळी रूप, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.