ॲस्टेरिक्स नक्की कुणाचा? अल्बेर उदेर्झोच्या वादामागची पार्श्वभूमी

एक वर्षाआड ऑक्टोबरात ॲस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथेचा नवा अल्बम, म्हणजे नवं पुस्तक, आलं की फॅन लोकांचं ठरलेलं भांडण सुरू होतं. तिचा चित्रकार, म्हातारा उदेर्झो, आधी स्वतःच म्हणायचा की माझ्यानंतर ॲस्टेरिक्स नाही, मग शेवटी आपला हिस्सा बड्या प्रकाशन समूहाला विकून मोकळा कसा झाला? रोमन साम्राज्याला दाद न देणारं गॉल लोकांचं (म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या लोकांचं) गाव, जादूचा काढा, रोमन सैनिकांची धुलाई हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत उगाळत नाही. पण 2008 च्या विक्रीवरच सगळा राग काढणाऱ्यांनी जरा मागे जाऊन बघावं, कारण माझ्या मते खरा निर्णय त्याच्या तीस वर्षं आधी झाला होता, पुढचं सगळं त्याच्या ओघात आलं.

सुरुवातीचं पटकन सांगतो. उदेर्झो 1927 चा, फ्रान्सच्या मार्न भागातल्या फीम गावचा, आईवडील इटलीहून आलेले. जन्मतः दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, जास्तीची लहानपणीच ऑपरेशन करून काढली, आणि वर रंगांधळा, लाल-हिरव्यात गोंधळ. तेराव्या वर्षी पॅरिसमध्ये एका प्रकाशकाकडे कामाला लागला, युद्धात काही काळ भावासोबत फ्रान्सच्याच ब्रिटनी या समुद्रकाठच्या भागात काढला, आणि पुढे ॲस्टेरिक्सच्या गावासाठी जागा शोधायची वेळ आली तेव्हा तोच किनारा निवडला, कारण मालिकेचा लेखक रेने गोसिनी याची अट एवढीच होती की समुद्र जवळ हवा, म्हणजे हिरोंना बोटीनं कुठेही पाठवता येईल. हे दोघं भेटले 1951 मध्ये, आणि 1959 च्या ऑक्टोबरात 'पिलोत' साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात ॲस्टेरिक्स आला. उदेर्झोनं आधी हिरो चांगला धिप्पाड काढला होता, गोसिनीला हवा होता बुटका आणि डोकेबाज, मग यानं बुटका काढला पण शेजारी एक आडवातिडवा गडी घुसवलाच, तो ओबेलिक्स. म्हणजे निम्मा विनोद इथेच चित्रकारानं आणला, हे लोक विसरतात. आणि त्याच काळात तो लढाऊ विमानांची एकदम वास्तववादी चित्रमालिकाही काढत होता! पहिला अल्बम 1961 चा, सहा हजार प्रतींचा, दहा वर्षांच्या आत हा आकडा लाखांत गेला.

आता मुद्द्यावर. 1977 च्या नोव्हेंबरात गोसिनी डॉक्टरकडे हृदयाची तपासणी करताना व्यायामाच्या सायकलवरच गेला, वय फक्त 51. बेल्जियमवाल्या अल्बमची गोष्ट लिहून झालेली, चित्रं अर्धवट. उदेर्झोला हातच लावायचा नव्हता, पण प्रकाशक कोर्टात गेला, कोर्टानं सांगितलं काम पुरं कर, यानं अपील केलं, ते जिंकलाही, पण तोवर चित्रं काढून झाली होती. तो अल्बम हातात असेल तर उघडून बघा, एका पानापर्यंत आकाश स्वच्छ असतं, आणि तिथून पुढे एकदम ढग आणि पाऊस. मित्र गेला तेव्हा काम त्या पानावर होतं.

इथे थांबता आलं असतं. वाचकांनी समजून घेतलं असतं, समीक्षकांनी तर टाळ्याच वाजवल्या असत्या, कारण लेखकाशिवाय ॲस्टेरिक्स नाही असं ते उघड म्हणत होते. पण यानं 1979 मध्ये स्वतःची प्रकाशन संस्था काढली, नावात मित्राचंही नाव ठेवलं, आणि 1980 पासून लेखक पण मीच, चित्रकार पण मीच. दुसऱ्यासोबत जन्माला घातलेलं पात्र एकट्यानं पुढे चालवायचं, हे त्यानं तेव्हाच मान्य केलं की! मग तीच गोष्ट उद्या तिसऱ्या कुणी केली तर तोंड कुठल्या तत्त्वानं धरणार?

त्या एकट्याच्या अल्बमांबद्दल चित्रांना शंभर मार्क, गोष्टींना काठावर पास. 1987 चा भारतातला घ्या, गॉल गावच्या गवयाच्या बेसूर गाण्यानं पाऊस पाडायचा म्हणून त्याला गालिच्यावरून उडवत गंगेकाठी आणतात, तिथे त्याचा आवाज बसतो आणि उपाय काय तर हत्तीचं दूध, शेण आणि केस घातलेली अंघोळ. फकीर, महाराजा, वाघ सगळा ठरीव माल आहे, तरी चित्रं बघत बसावी अशी. 2005 चा परग्रहवासीवाला मात्र कुणालाच पचला नाही.

दरम्यान जुन्या प्रकाशकाशी आधीच्या अल्बमांच्या हक्कांवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली, 1998 मध्ये उदेर्झो जिंकला. आणि दहा वर्षांनी, प्रकाशकांशी जन्मभर भांडलेल्या याच माणसानं स्वतः काढलेल्या संस्थेतले आपले 40 टक्के शेअर्स एका बलाढ्य प्रकाशन समूहाला विकले, गोसिनीच्या मुलीनं तिचे 20 टक्के दिले, आणि आपल्या पश्चातही मालिका चालू राहील याला दोघांची संमती. उरलेले 40 टक्के उदेर्झोच्या स्वतःच्या मुलीचे, तिला आदल्या वर्षीच कंपनीतून काढलं होतं. तिनं जानेवारी 2009 मध्ये पेपरात लिहून बापावर जाहीर टीका केली, गावाची दारं रोमन साम्राज्याला उघडून दिल्यासारखं आहे हे, असं. वाक्य इतकं जमलं की वादाचा निकाल तिथेच लागल्यासारखं झालं. पण 2011 मध्ये तिनंही आपला हिस्सा त्याच समूहाला विकला हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात तसं झालं, 2013 ला बापानं लेक-जावयावर मानसिक छळाची तक्रार केली, लेकीनं उलट म्हाताऱ्याच्या वयाचा आसपासचे लोक गैरफायदा घेताहेत म्हणून, शेवटी 2014 मध्ये दिलजमाई.

उदेर्झोनंतर मालिका चालवायच्या नव्या टीममध्ये आधी निवडलेला चित्रकार उदेर्झोच्याच हाताखाली तयार झालेला, पण त्याला ते ओझं झेपलं नाही, दुसरा आणला गेला. 2013 च्या त्या स्कॉटलंडवाल्या अल्बमच्या कव्हरवर ॲस्टेरिक्स नव्या माणसाचा आणि ओबेलिक्स उदेर्झोच्या हातचा. मार्च 2020 मध्ये 92 व्या वर्षी तो गेला, हृदयविकारानं, तोपर्यंत नव्या लेखक-चित्रकार जोडीचे चार अल्बम निघून गेले होते. 2023 मध्ये लेखकही बदलला, आणि कमेंटमध्ये लोक लिहीत होते की आधीचाच बरा होता.