हेलिकॉप्टर आणि फवारणीचा ड्रोन: उठतात सारखे, उडतात वेगळे

वाळव्याच्या उसावर किंवा तासगावच्या द्राक्षबागेवर ड्रोन घोंगावू लागला की ‘छोटं हेलिकॉप्टर आलं’ असं सहज म्हटलं जातं. दोन्ही जागच्या जागी उठतात, हवेत थांबतात. पण तोल सांभाळायची रीत दोघांची अगदी निराळी आहे.

हेलिकॉप्टरचा मोठा पंखा उड्डाणभर जवळपास एकाच वेगाने फिरतो. बदलतो तो पात्यांचा कोन. पायलटने डाव्या हाताचा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र चढतं. पुढ्यातली कांडी, सायक्लिक, पंख्याखालची चकती, म्हणजे स्वॉशप्लेट, तिरकी करते. मग प्रत्येक पात्याचा कोन फेरीत एका बाजूला वाढतो, समोरच्या बाजूला घटतो आणि हेलिकॉप्टर कलतं. पंखा एकीकडे फिरला की धड उलटं फिरू पाहतं. ते आवरायला शेपटीचा पंखा.

ड्रोनच्या पात्यांचा कोन पक्का असतो. निम्म्या मोटरी उजवीकडे, निम्म्या डावीकडे फिरतात, म्हणून शेपटी लागत नाही. पुढे जायचं तर मागच्या मोटरींचा वेग वाढतो. हा हिशेब ड्रोनमधला छोटा संगणक, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, सेकंदाला शेकडो वेळा करतो. हलकी पाती तेवढ्या झटक्यात वेग बदलतात. चेतक हेलिकॉप्टरच्या ११ मीटर व्यासाच्या पंख्याला ते शक्य नाही.

खरी परीक्षा बिघाडात होते. इंजिन बंद पडताच पायलट कलेक्टिव्ह खाली दाबतो. फ्रीव्हील क्लच पंखा इंजिनापासून सोडवतो आणि खालून येणारी हवा तो फिरता ठेवते. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा, मग कलेक्टिव्ह ओढून पंख्यात उरलेल्या गतीवर टेकायचं. हेच ऑटोरोटेशन. १९७२ मध्ये फ्रेंच पायलट झ्याँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन विझलं आणि ते असेच सुखरूप उतरले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) चीता हे त्याच लामाचं भारतीय रूप. मात्र उंची आणि वेग दोन्ही कमी असतील तर सावरायला अवधीच मिळत नाही.

ड्रोनला ही सोय नाही. चारपैकी एक मोटर गेली की तो बहुधा गिरक्या घेत पडतो. सहा-आठ मोटरींचा निभावू शकतो. बॅटरी संपली तर कोणताच तरत नाही. म्हणून बॅटरीचा इशारा आला की टाकीत औषध उरलं असलं तरी उतरवायचाच.

महापुरात छतावरून माणूस दोराने वर घ्यायचा तर हेलिकॉप्टरच हवं. पण हेलिकॉप्टरच्या ताकदीतही उन्हाळा-पावसाळ्याचा फरक पडतो: सांगलीत पारा ४० अंशांवर गेला की हवा सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते आणि भार कमी करावा लागतो.

१० लिटर टाकीचा ड्रोन एका भरण्यात साधारण एकरभर फवारतो. पिकाच्या माथ्यापासून दोन-तीन मीटरवर ठेवला तर पंख्याचा झोत थेंब पानांत ढकलतो. त्याहून वर गेला की वारा थेंब पळवतो. उसातलं २,४-डी हे तणनाशक असं उडून शेजारच्या द्राक्षावर गेलं तर कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात. वेल फार नाजूक, अगदी थोडा अंशही पुरतो. बाग वाऱ्याच्या दिशेला असेल तर त्या दिवशी ड्रोन उडवूच नये.