५० टक्के ओव्हरहेड म्हणजे निम्मं अनुदान विद्यापीठाला? नाही!

संगणकशास्त्र विभागातल्या नव्या संशोधकांना हमखास ऐकवलं जातं: ओव्हरहेडचा, म्हणजे अनुदानातून विद्यापीठाला मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चाचा दर ५० टक्के, म्हणजे निम्मं अनुदान विद्यापीठाकडे गेलंच. अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानांत हिशेब असा होत नाही.

हा दर एकूण रकमेवर नव्हे, थेट खर्चावर (जो प्रकल्पावरच होतो) लागतो, आणि तोही काही बाबी वगळून. थेट खर्च १ लाख डॉलर धरा. त्यात २० हजारांचा सर्व्हर आणि २० हजार विद्यार्थ्याची ट्यूशन फी. दोन्ही वगळून उरतात ६० हजार, त्याचे ५० टक्के ३० हजार. एकूण अनुदान १ लाख ३० हजार. विद्यापीठाचा वाटा सुमारे २३ टक्के. काहीच वगळलं नाही तरी तो एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. शिवाय हा नफा नव्हे. इमारत, वीज, लेखा विभाग यांचा खर्च त्यातूनच निघतो.

अंदाजपत्रक खरं फसतं ते खरेदीत. सर्व्हर ‘उपकरण’ ठरला तरच ओव्हरहेडमधून सुटतो. २०२४ च्या सुधारित नियमांनी त्यासाठीची किमान किंमत ५,००० वरून १०,००० डॉलरपर्यंत नेण्याची मुभा दिली. ज्या विद्यापीठाने ती वाढवली, तिथे ९,००० डॉलरचा सर्व्हर साधं साहित्य ठरतो आणि वर ओव्हरहेडचे ४,५०० चढतात. भाड्याच्या क्लाउडवरही सहसा ओव्हरहेड लागतो, म्हणून २० हजारांची सेवा ३० हजारांना पडते. प्रस्तावात आकडे भरण्याआधी या दोन्ही गोष्टी अनुदान कार्यालयाकडून लेखी घ्या.