डोडोमाची वाईन (टांझानिया)

आफ्रिकेतली वाईन म्हटलं की बहुतेक लोक केप टाऊनच्या आसपासच थांबतात, पण त्या खंडात द्राक्षं अशा अशा ठिकाणी लावलीयत की ऐकून नवल वाटतं, म्हणजे नामिबियात ओमारूरू, इथियोपियात झिवाय, खुद्द दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीकाठचं अपिंग्टन, जिथे वर्षाला 200 मिमीसुद्धा पाऊस पडत नाही आणि सगळी मदार नदीच्या पाण्यावर. या सगळ्यात आपल्या द्राक्षवाल्यांना सगळ्यात जवळचं वाटेल ते डोडोमा.

डोडोमा ही टांझानियाची राजधानी (निर्णय 1973 चा). विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 6 अंशांवर, समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटर उंच. पाऊस 550-600 मिमीच्या आसपास आणि तोही डिसेंबर ते एप्रिलमध्ये पडून मोकळा होतो, उरलेलं वर्ष लाल धूळ, काटेरी झुडपं आणि मधेच एखादी जाडजूड गोरखचिंच. इथले मूळचे लोक गोगो, गुरं राखणारे आणि ज्वारी-बाजरी पिकवणारे. द्राक्ष हे त्यांचं पीक नव्हतंच, ते आणलं इटालियन कॅथलिक मिशनऱ्यांनी, मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) वाईन लागते म्हणून. 1950 च्या दशकात बिहावाना मिशनच्या जमिनीत लावलेल्या वेली चांगल्या आल्या, मग देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळात सरकारनंही द्राक्ष मनावर घेतलं.

आता खरी गंमत वेलीची. युरोपात थंडी पडली की वेल पानं टाकून झोपते आणि वसंतात उठते. डोडोमात थंडीच नाही, दिवसही वर्षभर साधारण बारा तासांचाच, त्यामुळे वेलीला झोपायचं कधी तेच कळत नाही, आपली ती वाढतच राहते. म्हणून तिचं कॅलेंडर कात्रीनं ठरवावं लागतं. छाटणी केली की कापलेल्या काडीच्या टोकातून थेंब थेंब पाणी गळतं, आठवड्या-दोन आठवड्यांत डोळे (काडीवरचे कोंब) फुगतात, आणि तिथून चारेक महिन्यांत माल तयार. पण फुटतात ते टोकाचे दोन-तीन डोळे, खालचे ढिम्म, ही उष्ण प्रदेशातल्या द्राक्षाची जुनी खोड आहे. नाशिक-सांगलीकडे त्यासाठीच छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून हे रसायन काडीला लावतात.

आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मालासाठी, म्हणजे छाटण्या दोन आणि पीक एक. डोडोमावाले दोन्ही छाटण्यांवर माल धरतात, एक तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. ऐकायला दुप्पट वाटतं, पण पावसाळी पिकाचे हाल विचारू नका, केवडा, भुरी हे बुरशीचे रोग, तडकलेले मणी, साखर भरत नाही. वाईनचं खरं पीक म्हणजे कोरड्या दिवसातलं. तेव्हा हवा सुकी, रात्री गार, उंचीमुळे मण्यातलं आम्ल थोडं टिकतं आणि पाणी आपण देऊ तेवढंच, त्यामुळे दुष्काळी म्हणून बाकीच्या पिकांनी टाकलेली जमीन द्राक्षाला मात्र मानवते.

अर्थात ते द्यायचं पाणी हवं ना. डोडोमाच्या उत्तरेला माकुटुपोरा आहे, तिथे द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि तिथल्याच विहिरींवर राजधानीची तहानही भागते. या विहिरींच्या पातळीच्या नोंदी अर्धशतकाहून जास्त काळ ठेवल्या गेल्यात आणि त्यातून दिसलेली गोष्ट मला तरी फार भारी वाटते: जमिनीतलं पाणी दरवर्षी थोडं थोडं भरतच नाही, काही वर्षांतून एकदा धो धो पाऊस होतो, 1997-98 च्या एल निनोसारखा, तेव्हा एकदम भरतं, आणि मधली वर्षं पातळी नुसती उतरत राहते.

लाल वाईनसाठी मुख्य जात याच गावाच्या नावाची, माकुटुपोरा रेड. पांढऱ्यासाठी शेनिन ब्लांक, जी आपल्या नाशिकमध्येही भरपूर आहे. शिवाय शिराझ, आणि इटालियन कनेक्शनमुळे आल्यानिको, तेरोल्देगोसारख्या जातीही. लोकांत चालते ती मात्र गोड लाल वाईन, डोम्पो हा ब्रँड तर घराघरात माहीत. सरकारी वाईन कंपनी बंद पडल्यावर काही वर्षं सगळं थंडच होतं, 2000 नंतर डोडोमाजवळ होम्बोलोला सेटाविको कंपनीची वायनरी आली तेव्हा कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) वाईन परत बनायला लागल्या.

शेतकऱ्याचं दुखणं तोडणीनंतर सुरू होतं. बागायतदार बहुतेक छोटे, एक-दोन एकरवाले, कोल्ड स्टोरेज नाही, आणि माल सगळ्यांचा एकाच वेळी येतो, कारखान्याच्या टाक्या भरल्या की द्राक्षं वेलीवरच सुकतात. त्यात बाहेरून आलेल्या काँसन्ट्रेटची (आटवलेल्या द्राक्षरसाची) स्पर्धा. म्हणून सरकारनं करात फरक ठेवला, 75 टक्क्यांपेक्षा जास्त देशी द्राक्षं असतील तर त्या वाईनवर अबकारी कर खूप कमी. आणि म्हणूनच बरेच शेतकरी हल्ली द्राक्षं विकत बसत नाहीत, स्वतःच चुरडून, आंबवून तो रस टाक्यांमध्ये भरून ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हा कारखान्याला देतात. स्वाहिलीत द्राक्षाला झाबिबू म्हणतात आणि या रसाला म्चुझी, म्हणजे तिकडे भातावर जो रस्सा घेतात ना, त्यालाही हाच शब्द.