सवलतीच्या दरातील नसबंदी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

कुत्र्या-मांजरांची नसबंदी सवलतीत किंवा विनामूल्य करून देणाऱ्या योजनांच्या अटी ठिकाणागणिक बदलतात. मात्र अर्जाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते आणि तीत पात्रता दोनदा तपासली जाते, आधी पाळणाऱ्याची आणि मग प्राण्याची. पहिली तपासणी कागदांवर होते, तर दुसरी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी होते. मंजुरी हातात असूनही काही जणांना प्राणी तसाच परत न्यावा लागतो, तो या दुसऱ्या तपासणीमुळे.

पाळणाऱ्याकडून सहसा ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा आणि सवलत उत्पन्नावर आधारित असल्यास उत्पन्नाचा किंवा शासकीय साहाय्य मिळत असल्याचा दाखला मागितला जातो. अर्जदार आणि संमतीपत्रावर सही करणारी प्रौढ व्यक्ती एकच असावी. प्राण्याला दुसरे कोणी घेऊन जाणार असेल, तर त्या व्यक्तीला सहीचे अधिकारपत्र लागेल का, हे वेळ घेतानाच विचारावे.

प्राण्याच्या बाबतीत वय, वजन आणि प्रकृती पाहिली जाते. निरोगी पिल्लांची शस्त्रक्रिया साधारण 8 आठवड्यांनंतर आणि वजन किलोभर झाल्यावर करता येते. घरच्या मांजरीसाठी मात्र पाच महिने पूर्ण होण्याआधीचा काळ सोयीचा, कारण काही मांजरी चौथ्या महिन्यातच माजावर येतात आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे ‘आत्ताच तर व्याली आहे’ या भरवशावर अर्ज लांबवणे महागात पडते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी हाडांची वाढ लक्षात घेऊन पशुवैद्यक थोडे थांबायला सांगू शकतात. माजावर असलेली किंवा गाभण मादी, वृषण पोटातच राहिलेला नर आणि चपट्या नाकाच्या जाती यांची माहिती अर्जातच द्यावी. अशा शस्त्रक्रियेला किंवा भुलेला जास्त काळजी लागते, म्हणून काही केंद्रे वेगळे शुल्क घेतात, तर काही असे प्राणी स्वीकारत नाहीत.

लसीकरणाचे कार्ड मूळ प्रतीत न्यावे. रेबीजची लस अनेक ठिकाणी सक्तीची असते, आणि कार्डावर नुसती तारीख असून पशुवैद्यकाची सही नसेल तर ती नोंद ग्राह्य धरली जाईलच असे नाही. संमतीपत्रातील ‘पूर्वीचे आजार व चालू औषधे’ हा रकाना घाईत कोरा सोडला जातो. वास्तविक झटके, हृदयाचा त्रास, आधीच्या भुलेनंतर झालेली उलटी, चालू असलेली वेदनाशामके, हे सारे तिथेच लिहायचे असते. शुल्क विचारताना आकड्यापेक्षा त्यात काय धरले आहे ते विचारावे: रक्ततपासणी, वेदनाशामक औषध, प्राण्याने जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर आणि टाके काढणे. मादीचे पोट उघडावे लागते, नराचे सहसा नाही. म्हणून दोघांचे दर वेगळे असतात.

प्रौढ प्राण्याला आदल्या रात्रीनंतर अन्न देऊ नये, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लहान पिल्लांची रक्तातील साखर लवकर उतरत असल्याने त्यांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. नेमकी वेळ केंद्राकडूनच घ्यावी. दोन मांजरे असतील तर दोन पिंजरे न्यावेत, एका टोपलीत दोघांना कोंबू नये.

भटक्या मांजरांसाठी उत्पन्नाचा दाखला बहुधा लागत नाही, पण मांजर सापळ्याच्या पिंजऱ्यातच आणावे आणि कुठून पकडले ते लिहून द्यावे, कारण ते तिथेच परत सोडायचे असते. भूल असतानाच त्याच्या एका कानाचे टोक सरळ कापतात. ही खूण लांबूनही दिसते आणि त्याच मांजराला पुन्हा पकडून टेबलावर घेण्याची वेळ येत नाही. ज्यांना हे नको असेल, त्यांनी ते मांजर पाळीव म्हणून नोंदवावे. ऐन सकाळी वाद घालून उपयोग होत नाही.

प्राणी बहुधा त्याच संध्याकाळी घरी मिळतो. 10 ते 14 दिवस कॉलर काढू नये, अंघोळ घालू नये आणि नराला तर साधारण महिनाभर नसबंदी न झालेल्या माद्यांपासून दूर ठेवावे, कारण शस्त्रक्रियेनंतरही काही काळ त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते. नसबंदीचे प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्यावे आणि लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवावे; काही ठिकाणी कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क त्यावरच कमी होते.