सातवी अनुसूची (भारतीय संविधान)

कोणत्या विषयावर संसदेने कायदा करायचा आणि कोणत्या विषयावर राज्य विधिमंडळाने, हे ठरवणारा संविधानाचा भाग. अनुच्छेद २४६ शी जोडलेल्या या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. १९५० साली त्यांत अनुक्रमे ९७, ६६ व ४७ नोंदी होत्या. ही त्रिसूची रचना १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून उचललेली आहे.

संरक्षण, चलन, रेल्वे संघाकडे. पोलीस, जमीन, शेती राज्यांकडे. विवाह, फौजदारी कायदा, वीज दोघांकडे. समवर्ती विषयात दोन कायद्यांचा मेळ बसला नाही, तर केंद्राचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती असेल, तर मात्र तो त्या राज्यापुरता चालतो (अनुच्छेद २५४). कुठल्याच यादीत न बसणारे विषय संसदेचे.

कागदावर वाटणी स्वच्छ दिसते. खरी मेख ‘अधीन राहून’ या शब्दांत आहे. पाणी राज्याचे, पण संघसूचीतील आंतरराज्य नद्यांच्या नोंदीला अधीन राहून. मासेमारी राज्याची, प्रादेशिक समुद्राच्या म्हणजे १२ सागरी मैलांच्या पलीकडे ती केंद्राची. कोकणातल्या ट्रॉलरला ही रेषा पाण्यावर आखलेली दिसत नाही, हा भाग वेगळा.

दारूवरून झालेले वाद सर्वांत बोलके. मादक पेये राज्यसूचीत, आयात-निर्यात संघसूचीत. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात कायद्याचा गाभा पाहिला. विदेशी दारूच्या आयातीवर परिणाम होत असला तरी कायदा मुळात दारू बाळगण्या-विकण्याचा आहे, म्हणजे राज्याच्या कक्षेतला, असे ठरले. औषधी व प्रसाधनांतल्या मद्यार्काबाबतची काही कलमे मात्र मूलभूत हक्कांच्या कसोटीवर रद्द झाली. उद्योगांत वापरला जाणारा मद्यार्क ‘मादक पेय’ आहे का, हा प्रश्न पुढेही लोंबकळत राहिला. १९९० मध्ये कौल केंद्राच्या बाजूने लागला. २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८-१ बहुमताने तो फिरवून राज्यांचा अधिकार मान्य केला. एवढ्या भांडणामागे अर्थातच महसूल आहे.

सूचींतले विषय हलतातही. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) शिक्षण, वने, वन्यजीव संरक्षण आदी विषय राज्यांकडून समवर्ती सूचीत गेले. १०१ व्या दुरुस्तीने (२०१६) तर वस्तू व सेवा कराचा अधिकार सूचींबाहेर, अनुच्छेद २४६अ मध्ये ठेवला. १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकात त्यातच विरली; पिण्याची दारू मात्र राज्यांनी या कराबाहेरच ठेवून घेतली. या कराबाबत शिफारशी करणाऱ्या, केंद्र व राज्यांच्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला डावलून काही ठरत नाही. परिषदेच्या शिफारशी संसदेवर वा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.