नव्या गाडीचा खडखडाट वॉरंटीत बसत नाही?

‘पार्ट तुटला तरच वॉरंटी, आवाजाचं काम पैसे देऊनच’ असं कोल्हापुरात सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. काही कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत, गाडीच्या कामात अडथळा न आणणारा किरकोळ आवाज वगळलेला असतो. ते कलम आधी वाचा. पण आवाज हे लक्षण. मूळ कारण सस्पेन्शनच्या (चाकांना बसणारे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या) भागातला बनावटीचा दोष निघालं, तर मामला वॉरंटीचाच.

डिकीतला जॅक, ग्लोव्हबॉक्समधली चिल्लर काढून बघा. कधीकधी भूत तिथंच असतं! तरीही वाजतंय? मेकॅनिकला शेजारी बसवून खराब रस्त्यावर चक्कर मारा. जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार नोंदवायच्या कागदावर, नुसतं ‘आवाज’ नको. ‘४० च्या वेगाला, खड्ड्यात, पुढच्या डाव्या चाकाकडून’ असं लिहून घ्या. प्रत जपून ठेवा, तक्रार वॉरंटीच्या मुदतीतली होती हे त्यावरून दाखवता येतं.